चाळकेवाडीच्या पवनचक्क्या भर वाऱ्यात बंद का?

प्रश्न: रविवारी ठोसेघर करून चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. वाऱ्याने छत्री उलटी झाली, तरी तीन-चार पवनचक्क्या ढिम्म. बिघडल्यात का?

उत्तर: मी तिथे नऊ वर्षं मेंटेनन्सला होतो. छत्री उलटते तेवढ्या वाऱ्यात पंखा खूश असतो. सेकंदाला साधारण २५ मीटरच्या वर गेला तरच आपोआप थांबतो. म्हणजे फॉल्ट, नाहीतर ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारी लाइन, गेलेली. पावसाळा कमाईचा, आणि तेव्हाच धुकं इतकं की बुंध्याशी उभं राहून पातं दिसत नाही. जाळीच्या टॉवरची शिडी चढेपर्यंत हातमोजे चिंब.

प्रश्नकर्ता: मग दुरुस्ती उन्हाळ्यातच उरकायची ना?

उत्तर: उरकतोच की दादा! ऑइल, बोल्ट, सगळं मेमध्ये. वळवाची वीज पात्यावर पडली की परत क्रेनची वाट बघा.

आणखी एक: वाऱ्याचा वेग दुप्पट, तर ताकद आठपट. म्हणून जुलैतला एक बंद दिवस फार महाग पडतो.