उतारावर ब्रेकचं पेडल थेट खाली गेलं. ड्रम ब्रेकची जुनी गाडी पुन्हा घाटात न्यावी का?

सावकाश_जाणारी:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदाच. प्रश्न लांबला आहे, सांभाळून घ्या.

बाबांची १९५९ची मॉरिस मायनर १००० आता माझ्याकडे आहे. इंजिन मूळचं ९४८ सीसी, चारही चाकांना ड्रम ब्रेक (फिरत्या डब्याला आतून पट्ट्या घासणारे), पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर सहज पडायची सोय) नाही. गेल्या महिन्यात जुन्या गाड्यावाल्यांच्या गटाबरोबर तिला पहिल्यांदा घाटात नेलं. एकूण सात गाड्या. मी तयारी केली ती सगळी चढाची. रेडिएटर साफ करून घेतला, फॅन बेल्ट नवा, पाण्याचे दोन कॅन, पेट्रोलची वाफ धरली तर पंपावर टाकायला ओलं फडकंसुद्धा. यातलं काहीच लागलं नाही. दुसऱ्या गिअरमध्ये तुरुतुरु चढली गुणाची पोर.

उतरताना मात्र वाट लागली. पुढची गाडी डिस्क ब्रेकवाली (उघड्या तबकडीला चिमटणारे ब्रेक), मागे दोघं चिकटलेले. मागे पडायला नको म्हणून मी तिसऱ्या गिअरमध्येच होते, वळण आलं की ब्रेक, पुढचं वळण, परत ब्रेक. आठ-नऊ वळणांनंतर जळका वास यायला लागला. वाटलं पुढच्याचा असेल. मग एका वळणाआधी पाय दाबला तर पेडल सरळ खाली, ओल्या स्पंजावर पाय पडल्यासारखं. दोन-तीनदा पटापट मारलं तेव्हा जरासं धरलं. हँडब्रेक ओढला, दुसरा टाकला आणि डोंगराच्या बाजूच्या चरात चाक घालून थांबले. कुणाला काही झालं नाही. पण खाली उतरल्यावर दाराचं हँडल सोडवेना.

गंमत म्हणजे अर्ध्या तासानं पेडल पहिल्यासारखं घट्ट!

मेकॅनिक म्हणतो लायनर (घासणाऱ्या पट्ट्या) चांगले आहेत, गळती नाही, दोष काहीच नाही. गटातले म्हणतात जुन्या गाडीत असं व्हायचंच. तीन आठवड्यांनी पुढची सफर आहे, तीत दोन घाट आहेत. नक्की झालं काय असेल? पुढे डिस्क बसवून घ्यावेत का? (मन होत नाही, बाबांनी गाडीचा एक स्क्रूसुद्धा बदलला नव्हता.) आणि माझ्यामुळे सहा जणांचा खोळंबा होत असेल तर मी जाऊच नये का?

तिरपी_काडी:
"असं व्हायचंच" म्हणणाऱ्यांच्या मागे गाडी चालवू नका, एवढंच आधी सांगतो.

तुमच्या वर्णनातच निम्मं उत्तर आहे. ड्रम आणि लायनर नुसते तापले तर पेडल टणकच राहतं, पाय पूर्ण जोरात दाबला तरी गाडी थांबत नाही. ड्रम तापून फुगतो म्हणून पेडल थोडं जास्त खाली जातं, पण ते असं लिबलिबीत होत नाही. तुमचं पेडल मऊ पडलं, पंप केल्यावर थोडं धरलं आणि गार झाल्यावर पूर्ववत झालं. म्हणजे पायाचा जोर चाकांपर्यंत नेणारं ब्रेक ऑइल उकळलं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुमच्या पायाचा सगळा जोर तो वाफेचा बुडबुडा चेपण्यात गेला.

ऑइल शेवटचं कधी बदललं होतं?

सावकाश_जाणारी:
खोटं कशाला सांगू, टाकी कुठे आहे हेच माहीत नव्हतं. बोनेटखाली शोधत बसले. शेवटी आत्ता तुमचं वाचून चालवणाऱ्याच्या पायाखालचा गालिचा उचलला. तो चिकटवलेला होता! खाली पत्र्यात झाकण, त्याखाली मास्टर सिलेंडरचं (पेडल ज्यातून ऑइल ढकलतं त्या नळकांड्याचं) बूच. उघडून आत टॉर्च मारला. उकळून उकळून काळा पडलेल्या चहासारखं ऑइल.

तिरपी_काडी:
मायनरचा मास्टर सिलेंडर पायाखालच्या पत्र्याखाली असतो, म्हणून तो सगळ्यांच्या विस्मरणात जातो. नेहमीचं ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ताजा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. डॉट ३चे हेच आकडे २०५ आणि १४०. काळं ऑइल सगळं काढा, ताजं भरा, चारही चाकांतून हवा काढा, मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. रंगावर थेंब सांडू देऊ नका, रंग सोलून निघतो. त्यात सिलिकॉनचं डॉट ५ मिसळू नका.

तुमच्या मेकॅनिकनं गळती पाहिली, ऑइल नाही पाहिलं. सर्किट (ऑइलची वाट) एकच आहे हो या गाडीला. ते गेलं की चारही चाकांचे पायब्रेक गेले.

जुनाट_माणूस:
ताई, ऑइल बदलाच, पण ऑइल उकळण्याइतकं तापलं कशानं तेही बघा. माणसांसकट गाडी ९०० किलो धरा. ६०० मीटर खाली उतरताना तिच्यातून जी ऊर्जा काढून टाकावी लागते तेवढ्यात जवळजवळ १६ लिटर गार पाणी उकळीला येईल. तिसऱ्या गिअरमध्ये ती सगळी उष्णता तुम्ही चार छोट्या डब्यांत कोंबलीत. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी अडवून धरतं. चढायला जो गिअर लागला तोच उतरायला, हा नियम ड्रमवाल्यांनी मोडायचा नाही. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका, मधे नाही. ब्रेक सतत टेकवून ठेवायचा नाही. एकदा नीट दाबायचा, वेग उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा, म्हणजे ड्रमला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

आणि वास आला की तो आपलाच समजायचा. तापलेल्या ड्रमवर पाणी मात्र ओतू नका, तडकतो.

चौथा_गिअर:
एवढी दगदग कशाला? पुढे डिस्क बसवा आणि मोकळे व्हा. सुरक्षेपुढे अस्सलपणाचं कौतुक मला तरी कळत नाही.

जुनाट_माणूस:
डिस्कच्या कॅलिपरमध्येही (तबकडीला चिमटणाऱ्या भागात) तेच काळं ऑइल उकळलं असतं की! शिवाय डिस्कला दाब जास्त लागतो, मग मास्टर सिलेंडर बदला, नाहीतर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लावा, यादी वाढत जाते. मधला रस्ता हवा असेल तर १९६२मध्ये १०९८ सीसीचं इंजिन आलं तेव्हा कंपनीनंच पुढचे ड्रम ७ इंचांवरून ८ इंचांचे केले होते. ते जुन्या गाडीवर बसवणारे पुष्कळ आहेत, आणि ते मायनरचेच असल्यानं बाबाही रागावणार नाहीत. पण आधी आहे ते नीट चालतंय का बघा. एखादं चाक ब्रेक धरून तर फिरत नाहीये ना?

सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालवा, शेवटी ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्या. उतरा आणि चारही ड्रमजवळ हात न्या. आधी लांबून, चटका बसतो. एकच गरम असेल तर चोर सापडला.

काठाकाठानं:
खोळंब्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे ठेवायची, हत्यारं असलेला अनुभवी माणूस सगळ्यात मागे. हळू गाडी मागे ठेवली की तिचा चालक गटाला गाठायच्या नादात नको तो वेग घेतो. मधे ठेवली तर तुमचं झालं तसं होतं. फाटा आला की प्रत्येकानं आपल्या मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचं, म्हणजे सात जणांनी माळेतल्या मण्यांसारखं चिकटून चालायची गरजच पडत नाही.

मी स्वतः मैत्रिणीच्या मायनरमधून इटलीतला स्टेल्व्हिओ घाट चढले आहे. प्रातो गावाच्या बाजूची ४८ वळणं, माथा २७५७ मीटरवर. तिथल्या विरळ हवेत तुमच्या इंजिनाच्या ३७ अश्वशक्तीतल्या २८च्या आसपास उरतात. आमच्या मागे अख्खी रांग लागली होती. जागा मिळाली की बाजूला घ्यायचो, हात करून पुढे सोडायचो. सगळे हसत हात हलवत गेले, एका सायकलवाल्यासकट.

सावकाश_जाणारी:
नऊ दिवसांनी लिहिते आहे, माफ करा.

चोर सापडला! पुढचं डावं चाक. बाकीचे तीन ड्रम कोमट, याच्याजवळ तळवा नेववेना. जॅकवर चढवून हातानं फिरवलं तर अडखळत अर्धाच फेरा. मग मेकॅनिकनं ब्लीड निपल (चाकाजवळचं हवा काढायचं बूच) सैल केलं, काळ्या ऑइलची पिचकारी उडाली, तरी चाक अडकलेलंच. होजचा (चाकाकडे ऑइल नेणाऱ्या रबरी नळीचा) वरचा जोड सोडवला तेव्हाही तेच, म्हणून त्यानं तोंड वाकडं करून होज काढला आणि उभा चिरला. बाहेरून धडधाकट, आतून रबर सुजून भोक सुईएवढं उरलेलं. पाय दाबला की ऑइल आत जायचं, परत यायला वाटच नाही.

तिरपी_काडी:
थांबा, इथे काहीतरी जुळत नाही. होज बंद असता तर निपल सोडल्याबरोबर दाब सुटून चाक मोकळं फिरायला हवं होतं. तरीही अडकलं म्हणजे त्याच चाकात दुसरंही दुखणं आहे. पुढे प्रत्येक चाकाला पट्ट्या ढकलणारे दोन सिलेंडर असतात. एखादा पिस्टन गंजून अडकलाय का पाहा.

सावकाश_जाणारी:
पाहिलं. खालचा पिस्टन, गंजलेला. मेकॅनिक आता तुमचं नाव विचारतो आहे. दोन्ही सिलेंडर आणि सगळे होज नवे घातले, ऑइल ताजं. गाडी डावीकडे ओढायची ते मी आजवर टायरवर ढकलत होते, तेही थांबलं. काल एका छोट्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये उतरून पाहिली, ब्रेक चारदाच लागला. सफरीला सगळ्यात पुढे मी असणार, एकानं थोडी कुरकुर केली पण कबूल झाला. डिस्क नाही. गालिचा परत चिकटवलेला नाही.

जुनाट_माणूस:
झकास. टायरवरून आठवलं, बाजूवर तारखेचे चार आकडे असतात, तेवढे वाचून सांगा.

सावकाश_जाणारी:
२२११. नक्षी तर अगदी नव्यासारखी आहे.

जुनाट_माणूस:
२०११चा बाविसावा आठवडा. नक्षी विसरा, रबर कधीच म्हातारं झालंय. टायर बदलल्याशिवाय घाट नाही.

सावकाश_जाणारी:
कोणते घालू? मापासाठी नवा धागा काढते.