अनुभव धागा : स्वप्नवत, विचित्र, प्रायोगिक व्हिडिओ गेम्स कसे खेळावेत?

"यात काहीच होत नाही" म्हणून असे गेम्स पहिल्या दहा मिनिटांत बंद केले जातात. पुष्कळदा गेम चुकीच्या सेटिंगवर चालत असतो, किंवा त्याचा एखादा मूळ नियमच खेळणाऱ्याला कुणी सांगितलेला नसतो. म्हणून हा धागा. तुम्हाला आतून-बाहेरून माहीत असलेला एखादा गेम घ्या आणि तो कुठे अडतो, का अडतो, काय केलं की उघडतो, ते लिहा. शेवट सांगणार असाल तर आधी इशारा द्या.

सुरुवात 'एलएसडी : ड्रीम एम्युलेटर'पासून करतो. ओसामू सातो यांचा, १९९८ चा, पहिल्या प्लेस्टेशनवरचा, फक्त जपानमध्ये निघालेला. गेम काढणाऱ्या कंपनीतल्या हिरोको निशिकावा यांनी सुमारे दहा वर्षं लिहिलेली स्वप्नांची डायरी हा त्याचा पाया. यात जिंकायचं काही नाही. एक स्वप्न जास्तीत जास्त १० मिनिटं चालतं. भिंतीला, माणसाला, प्राण्याला धडकलात की थेट दुसऱ्या जागी पोचता. हा एकच नियम ठाऊक नसल्यामुळे लोक भिंती टाळत, रस्ते शोधत फिरतात आणि कंटाळतात. धडका! रिकाम्या भिंतीपेक्षा हलणाऱ्या वस्तूला धडकलात तर जास्त अनपेक्षित जागी जाल. कड्यावरून पडलात तर मात्र स्वप्न तिथेच संपतं.

प्रत्येक स्वप्नानंतर एक आलेख दिसतो. एका अक्षावर उल्हास आणि उदासी, दुसऱ्यावर गती आणि स्थिरता. तो गुणपत्रक म्हणून वाचू नका. मनःस्थितीची नोंद म्हणून वाचा. एक स्वप्न म्हणजे गेममधला एक दिवस. हे दिवस वाढतात तसे भिंतींचे पोत बदलत जातात, तीच गल्ली वेगळ्याच रंगात किंवा जपानी अक्षरांनी मढलेली दिसते. त्यामुळे एका बैठकीत चार-पाच स्वप्नं, आणि असं पंधरा-वीस दिवस, हे प्रमाण उत्तम. राखाडी कोट-टोपीतला माणूस दिसला तर अंतर ठेवा, तो जुन्या स्वप्नाकडे परत नेणारी फ्लॅशबॅकची सोय पुसून टाकतो.

आता सेटिंग. एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) खेळताना रिझोल्यूशन आठपट करून ठेवण्याचा मोह होतो. इथे करू नका. मूळ यंत्र, चित्र ज्या त्रिकोणांनी बनतं त्यांचे कोपरे पूर्णांकांतच मोजायचं आणि पोत ताणताना खोलीचा हिशेब धरत नव्हतं, म्हणून भिंती थरथरतात, फरशी वाकते. एम्युलेटरमध्ये पीजीएक्सपी नावाची सुधारणा असते, ती ही थरथर काढून टाकते आणि सगळं प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखं दिसू लागतं. पीजीएक्सपी बंद, रिझोल्यूशन मूळ, प्रमाण ४:३. गेमची प्रत आपल्या स्वतःच्या डिस्कवरून काढलेली असावी, आणि उघडताना .बिन (डिस्कमधली माहिती) ऐवजी .क्यू (त्या माहितीची यादी) फाइल निवडावी.

—

आडवाट :
धागा छान. मी 'युमे निक्की'वर लिहिते. किकियामा या टोपणनावाने २००४ मध्ये आलेला, 'आरपीजी मेकर २००३' या गेम बनवण्याच्या प्रोग्रॅममध्ये केलेला, फुकट. मादोत्सुकी नावाची मुलगी खोलीबाहेर पडायला तयार नसते. ती झोपते, आणि स्वप्नात तिच्यासमोर १२ दारं येतात. लढाई नाही, संवाद जवळजवळ नाहीत. जगभरात विखुरलेले २४ 'इफेक्ट', म्हणजे मादोत्सुकीचं रूप किंवा क्षमता बदलणाऱ्या गोष्टी, गोळा करायचे असतात.

पहिली अडचण तांत्रिक. जुन्या झिपमधल्या फाइलींची नावं जपानी आहेत. साध्या पद्धतीने झिप उघडलं की श्रीलिपीतला मजकूर भलत्याच फॉन्टमध्ये दिसावा तशी नावांची वाट लागते, आणि गेम "फाइल सापडत नाही" म्हणून बंद पडतो. उपाय दोन. विंडोजमध्ये युनिकोड नसलेल्या प्रोग्रॅम्सची भाषा जपानी करा (शेजारच्या यूटीएफ-८ बीटाच्या चौकटीत टिक नको), संगणक पुन्हा सुरू करा, आणि त्यानंतरच झिप उघडा. आधी उघडलेलं फोल्डर तसंच ठेवलं तर उपयोग नाही, ते पुसून नव्याने उघडावं लागतं. दुसरा उपाय म्हणजे असे गेम्स चालवणारा ईझीआरपीजी प्लेअर हा प्रोग्रॅम, तो अँड्रॉइड फोनवरही चालतो. हा खटाटोप नको असेल तर २०१८ पासून स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात अधिकृत प्रत फुकट आहे.

दुसरी अडचण : हरवणं. यातले बरेच नकाशे चारी बाजूंनी गुंडाळलेले आहेत. उजवीकडे चालत राहिलात की डावीकडून परत त्याच जागी. कडा शोधत बसाल तर अर्धा तास तसाच जाईल. दारापासून एक खूण पकडा, पावलं मोजा, आधी एका आडव्या रेषेत फिरा, मग दहा पावलं वर सरकून पुन्हा आडवं. सायकलचा इफेक्ट लवकर मिळवा, चालण्याचा वेग फार कमी आहे. अडकलात तर ९ ची कळ : मादोत्सुकी गाल चिमटते आणि जागी होते. मिळालेले इफेक्ट जात नाहीत. पण सेव्ह फक्त जागेपणी, टेबलाशी बसून डायरीत होतं. त्यामुळे नवीन इफेक्ट मिळाला की चिमटा, डायरी, आणि मग पुन्हा झोप.

(पुढचं वाक्य रहस्य फोडणारं आहे.) बर्फाच्या जगातून पुढे पोचता येणाऱ्या, पोनिको नावाच्या मुलीच्या घरात दिवा बंद केल्यावर ६४ पैकी एकदा तिच्या जागी उबोआ हा भेसूर चेहऱ्याचा प्राणी येतो. त्याच्या स्पर्शाने जिथे जाता तिथून बाहेर पडायला दार नाही, तिथे तो ९ चा चिमटा कामी येतो.

—

तबकडी :
'विब-रिबन' कुणी घेतला नाही, म्हणून घेतो. कंपनी नानाओन-शा, कर्ते मासाया मात्सुउरा, १९९९, पहिल्या प्लेस्टेशनवरचा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा, त्यावरून चालणारी विब्री नावाची सशीण. गेम इतका छोटा आहे की पूर्णपणे मेमरीत बसतो, म्हणून सुरू झाल्यावर डिस्क काढून आपली गाण्यांची सीडी घालता येते, आणि त्या गाण्यावरून अडथळे तयार होतात.

इथे हमखास होणारी चूक : एमपीथ्री सीडी घालणं. "१०० अवीट गाणी" लिहिलेली एमपीथ्रीची तबकडी यंत्राच्या लेखी डेटा आहे, तिच्यात वाजवण्याजोगा ट्रॅकच नाही. जुनी, १०–१२ गाण्यांची भावगीतांची ऑडिओ सीडी चालते. स्वतः लिहायची तर बर्निंग प्रोग्रॅममध्ये 'ऑडिओ सीडी' निवडा, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, ८० मिनिटांच्या आत, वेग कमीत कमी. एम्युलेटरवर त्या सीडीची .बिन-.क्यू जोडी करून 'डिस्क बदला'मधून द्या.

अडथळे चार : ठोकळा, खड्डा, वेटोळं, लाट. प्रत्येकाला एक बटण. मग दोन अडथळे एकत्र वितळून येतात आणि दोन बटणं एकदम दाबावी लागतात. हात गोंधळतात ते इथेच. एकेकटे अडथळे डोळे मिटून जमेपर्यंत गेमसोबतची सोपी गाणीच घ्या. टीव्हीवर 'गेम मोड' चालू हवा, नाहीतर चित्र आवाजाच्या मागे पडतं आणि तालावर दाबूनही चूक धरली जाते. ब्लूटूथ हेडफोन इथे कटाक्षाने नकोत, तारेचेच घ्या. न्यूयॉर्कच्या 'मोमा' संग्रहालयाने २०१२ मध्ये जे पहिले १४ गेम्स संग्रहात घेतले त्यांत हा आहे, आणि माझ्या मते त्यातला सर्वांत धाडसी हाच.

—

पाच मिनिटं :
'मोमा'च्या त्याच चौदांत जेसन रोररचा 'पॅसेज' (२००७) आहे. डावीकडून उजवीकडे चालत एक अख्खं आयुष्य जगायचं. खेळाची जागा १०० × १६ पिक्सेल, वेळ बरोबर ५ मिनिटं. किमान दोनदा खेळा. एकदा वाटेत भेटणाऱ्या जोडीदाराला घेऊन, एकदा टाळून. सोबत असेल तर पुढे जाण्याचे गुण दुप्पट, पण अरुंद फटींतून जाता येत नाही, म्हणजे तिथल्या खजिन्याच्या पेट्या हुकतात. हा व्यवहार कुठेही लिहिलेला नाही, हातांना कळतो. खिडकी मोठी करून पट्टी ताणू नका. ती चिंचोळी आहे म्हणूनच पुढचं आयुष्य उजव्या टोकाला दाबलेलं, अंधुक दिसतं.

—

मौज :
'प्रोटियस' (२०१३, एड की आणि डेव्हिड कानागा). रंगीत ठोकळ्यांचं बेट, चार ऋतू, साधारण तासाभराचा प्रवास. झाड, बेडूक, दगड, प्रत्येकाला स्वतःचा आवाज आहे, आणि तुम्ही जिथे उभे असता तिथलं संगीत तयार होतं. लॅपटॉपच्या स्पीकरवर तो अर्धाच ऐकू येतो. ऋतू बदलत नाही अशी तक्रार फार : रात्र होऊ द्या, गोल फिरणारे प्रकाशकण शोधा आणि मधोमध उभे राहा.

—

सीमेपलीकडे :
आपल्या अगदी शेजारचं उदाहरण राहून जायला नको. वापीजवळच्या चला इथला 'स्टुडिओ ओलिओमिंगस'. मीर उमर हसन या काल्पनिक लेखकाच्या गोष्टी ते गेममधून "अनुवादित" करतात. सुरुवातीला 'अ म्युझियम ऑफ ड्युबिअस स्प्लेंडर्स' (२०१८) घ्या, तो फुकट आहे. आधी गोष्टीची पानं, मग अवाढव्य वस्तूंनी भरलेल्या खोल्या. पानं भराभर उलटलीत तर खोल्या नुसती सजावट वाटतात. वाचा, मग खोलीत शिरा आणि गोष्टीतली वस्तू कुठल्या आकारात आली आहे ते पाहा. वसाहतकाळ, कोणी कोणाचा इतिहास लिहिला, हे प्रश्न त्या रंगीत भिंतींत मुरलेले आहेत. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर रिझोल्यूशन १२८० × ७२० वर आणा, अडखळणं कमी होतं.

—

आडवाट :
@सीमेपलीकडे, अशा प्रथमपुरुषी (पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या) गेम्समध्ये ज्यांना गरगरतं त्यांच्यासाठी : दृश्याचा कोन (फील्ड ऑफ व्ह्यू) ९० अंशांच्या वर, चालतानाची डोक्याची हालचाल बंद, खोलीत दिवा चालू, २० मिनिटांनी उठणं. मळमळ सुरू झाल्यावर "अजून पाचच मिनिटं" करू नका. झगमगाटाने फीट येण्याचा त्रास असेल तर 'एलएसडी' आणि 'युमे निक्की' दोन्ही टाळा.

—

टाइल :
असे गेम्स करून पाहायचे असतील तर 'बिट्सी' घ्या. अॅडम ल डू यांचं फुकट साधन, ब्राउझरमध्येच चालतं. खोली १६ × १६ टाइलची (टाइल म्हणजे चित्राचा चौकोनी तुकडा), टाइल ८ × ८ पिक्सेलची, रंग तीन, हालचाल दोन चित्रांची. शेवटी एकच एचटीएमएल फाइल मिळते, ती कुठेही पाठवा. काम ब्राउझरच्या साठ्यात राहतं, हिस्टरी साफ केली की जातं. रोज काम संपवून उठताना फाइल उतरवून घ्या.

मराठी शब्द हवा असेल तर तो टाइलवर काढणं खात्रीचं. एका टाइलच्या उंचीत मात्रा आणि उकार मावत नाहीत, अक्षराला उभ्या दोन टाइल द्या. १६ ओळींपैकी वरच्या ४ वेलांटी-मात्रांना, १ शिरोरेघेला, ८ अक्षराला, खालच्या ३ उकारांना. शिरोरेघ आठही पिक्सेल भरून काढा, म्हणजे शेजारच्या अक्षराला जुळते. क्ष, ज्ञ, द्ध यांना रुंदीलाही दोन टाइल लागतात.