240 हप्त्यांचं कर्ज, 48 भरले, उरले 267. रेपो उतरला तरी आमचा दर का उतरत नाही?

विक्रोळीची_ताई
नमस्कार. जानेवारी 2022 मध्ये कन्नमवार नगरात म्हाडाच्या जुन्या इमारतीतलं घर घेतलं. 38 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, 6.90 टक्के फ्लोटिंग, म्हणजे बदलता दर. बँकेत कागदपत्रांवरून अडत होतं, म्हणून एका गृहवित्त कंपनीकडून घेतलं. हप्ता 29,234 होता, 2023 मध्ये 31,500 झाला.

ह्यांच्या ऑफिसात टॅक्ससाठी व्याजाचा दाखला द्यायचा होता, म्हणून काल स्टेटमेंट काढलं. खाली लिहिलंय, उरलेले हप्ते 267. तीनदा वाचलं. 240 मधून 48 गेले की 192 उरतात एवढं मलाही कळतं. मुद्दल अजून 36 लाख. गेल्या महिन्याच्या 31,500 पैकी व्याजात गेले 27,300 आणि मुद्दलात 4,200.

हे बेस्टमध्ये कंडक्टर आहेत, वय 46. निवृत्ती 58 ला. 267 हप्ते म्हणजे हे अडुसष्ट वर्षांचे होईपर्यंत.

रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, 2025 मध्ये 6.50 वरून 5.25 वर आला. आमचा दर 9.40 वरून फक्त 9.10. बाजूच्या विंगमध्ये एकांना सरकारी बँकेकडून 7.50 ने मिळालं. शाखेत विचारलं तर म्हणे, "मॅडम, मुदत वाढवली म्हणून हप्ता जास्त वाढला नाही, तुमचं बरंच झालं." रात्री डोळ्याला डोळा नाही. काय करू?

जुना_पासबुकवाला
ताई, बँकेच्या कर्ज विभागात 26 वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्लोटिंग दर रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडायचा आणि तीन महिन्यांतून एकदा तरी बदलायचा, हा नियम 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना आहे. गृहवित्त कंपन्यांना नाही. त्यांचा आपला स्वतःचा पीएलआर, म्हणजे कंपनीने स्वतः ठरवलेला मूळ दर असतो. 2022 मध्ये रेपो चढला तेव्हा तो भराभर वर गेला, आता उतरताना हळूहळू उतरतोय. नव्या गिऱ्हाइकाला कमी दर देतात आणि जुना आहे तिथेच राहतो, ही खरी दुखरी जागा आहे.

दुसरं, मुदत वाढवताना तुम्हाला विचारलं होतं का? रिझर्व्ह बँकेचं 18 ऑगस्ट 2023 चं परिपत्रक आहे: दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडं थोडं दोन्ही, हे कर्जदाराने ठरवायचं. गृहवित्त कंपन्यांनाही ते लागू आहे. "तुमचं बरंच झालं" हे काउंटरवरच्या माणसाने ठरवायचं नाही.

उद्याच लेखी अर्ज द्या, दर कमी करून द्या म्हणून. ह्याला कन्व्हर्जन म्हणतात, थोडी फी लागते. हप्ता मात्र 31,500 च ठेवा, कमी करून देतो म्हणाले तरी घेऊ नका. मी हिशोब करून पाहिला: 8 टक्क्यांना 216 हप्ते, 7.50 ला 202. म्हणजे 7.50 मिळाले तर 65 हप्ते वाचतात, 20 लाखांच्या वर. आणि 7.50 ला हप्ता 3,000 ने वाढवलात तर 170 वर येतं.

भांडुप_पश्चिम
मी गेल्या वर्षी बॅलन्स ट्रान्सफर केलं, म्हणजे उरलेलं कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेलं. फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड नाही, त्यामुळे त्याची भीती नको. खर्च नव्या बँकेकडे असतो: प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च (मालकीच्या कागदांची तपासणी), व्हॅल्युएशन (घराची किंमत ठरवणं), स्टँप ड्युटी. सोसायटीचं ना हरकत पत्र आधीच मागून ठेवा, माझे तीन आठवडे तिथेच गेले. फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती भरायचं त्याचं पत्र) आणि कागदपत्रांची यादी जुन्या कंपनीकडून सही-शिक्क्यानिशी घ्या, आणि मूळ करारनाम्याची पानं नव्या बँकेत मोजून द्या. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, उशीर झाला तर दिवसाला 5,000 भरपाई. हा नियम डिसेंबर 2023 पासून आहे.

विक्रोळीची_ताई
दादा, विचारलं नव्हतं. फक्त एसएमएस आला होता, "टेन्युअर रिवाइज्ड". ह्यांना वाटलं काहीतरी ऑफर असेल.

आज अर्ज देऊन पोच घेतली. मॅनेजर म्हणाले, 0.25 टक्के फी भरली तर 8 करून देऊ. म्हणजे 9,000 अधिक जीएसटी, 10,620. बाजूच्या विंगवाल्यांनी त्यांच्या बँकेचं पत्र दाखवायला दिलं होतं, ते दाखवलं तर मॅनेजर म्हणाले वरती विचारून सांगतो. 7.50 ला येतील का?

जुना_पासबुकवाला
येतीलच असं नाही. पण 8 च्या होकारावर लगेच फी भरू नका. आठ दिवस थांबा आणि तोवर सरकारी बँकेत अर्ज टाकून ठेवा. सँक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र, हातात असलं की बोलणं वेगळं होतं. आणि 30 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. पोच जपून ठेवा.

विक्रोळीची_ताई
ठेवलीय, घराच्या करारनाम्याच्या झेरॉक्ससोबतच. सोमवारी ह्यांची सुट्टी आहे, दोघं बँकेत जातो.