पावसाळ्याआधी जलाशय किती खाली आणावा?

हेडमास्तर: पावसाळा तोंडावर आला की जलविद्युत केंद्राचा जलाशय तळाला नेण्याची घाई होते, ती मला पटत नाही. हेड, म्हणजे पाणी जितक्या उंचीवरून यंत्रावर येतं ती उंची, १०० मीटर आणि यंत्रसंचाची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर एका युनिट विजेला साधारण ४.१ घनमीटर पाणी लागतं. पातळी २० मीटर उतरली की ५.१. पाणी तेच, वीज पाचव्या हिश्शाने कमी. वर पाऊस लांबला तर बसा आभाळाकडे बघत.

सांडवा: हिशेब बरोबर, पण अर्धाच. जलाशय भरलेला असताना ३०० क्युमेकचा (सेकंदाला ३०० घनमीटर) येवा, म्हणजे जलाशयात येणारा प्रवाह, तीन दिवस टिकला, तर जवळपास ७८ दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी येतं. यंत्रं पूर्ण भारावर ५० क्युमेक घेत असतील तर तीन दिवसांत जेमतेम १३ दलघमी वापरतील. उरलेलं दारं उघडून सोडायचं. तुमच्याच ४.१ च्या हिशेबाने दीड कोटी युनिटांवर शब्दशः पाणी सोडलं! कमी हेडचा तोटा मात्र पातळी खाली असेपर्यंत वापरलेल्या पाण्यापुरताच.

हेडमास्तर: येवा येणारच, हे गृहीत धरलंत. पहिले पाऊस तापलेली जमीनच पिऊन टाकते. पाणलोट भिजल्याशिवाय नदी हलत नाही. तोवर फ्रान्सिस टर्बाइन (पाण्याने फिरणारं, वीज देणारं चक्र) कमी हेडवर रेटायचं? त्यातही भार अर्धवट असेल तर ड्राफ्ट ट्यूबमध्ये, म्हणजे टर्बाइनखालच्या पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत, पाण्याचा पीळ पडतो, अख्खा संच थरथरतो. इनटेकवर, म्हणजे जलाशयातून पाणी आत घेणाऱ्या तोंडावर, पुरेसं पाणी नसलं तर भोवरा होऊन हवा आत शिरते, ते वेगळंच.

गाळकरी: दोघंही पाणी नितळ धरून भांडताय. पातळी खाली असताना पहिला लोंढा आला, की जलाशयाच्या वरच्या टोकाला साचलेला गाळ उकरला जाऊन इनटेककडे सरकतो. त्यातली क्वार्ट्झची वाळू रनरच्या (टर्बाइनच्या फिरत्या चाकाच्या) कडा आणि त्याच्या बाजूने पाणी निसटू न देणारं लॅबिरिंथ सील खाते. सीलची फट वाढली की पाणी काम न करताच निसटतं आणि हा तोटा पुढच्या दुरुस्तीपर्यंत चालू राहतो.

शिवाय पुरात खालची नदीही फुगते. टेलरेस (यंत्रातून बाहेर पडलेलं पाणी नदीत नेणारा मार्ग) ३ मीटर चढला की हेड तेवढंच गेलं. १०० मीटरवाल्याला ते जाणवणार नाही. १५ मीटर हेडच्या केंद्राचा मात्र पाचवा हिस्सा गेला, तोही नदी दुथडी वाहत असताना.

सांडवा: गाळाचं मान्य. तळ गाठा असं मीही म्हणत नाही. टर्बाइनच्या किमान हेडच्या बरंच वर थांबा. पण जागा करा, आणि दर पंधरवड्याची पातळी आधीच्या वर्षांच्या येव्यावरून ठरवा. वार्षिक दुरुस्ती पाऊस सुरू होण्याआधी संपवा. ऐन येव्यात एक संच उघडा पडलेला असेल तर बाकी सगळी आकडेमोड फुकट.

हेडमास्तर: दुरुस्तीचं सोळा आणे खरं. पंधरवड्याच्या पातळ्या मात्र सरासरी वर्षावरून काढू नका, कोरडी वर्षं वेगळी काढून बघा. मग मी पातळी १२ मीटरने उतरवायला तयार आहे, २० ने नाही.