मदत पाहिजे तर आधी काम करा, ही अट बरोबर आहे का?

महालकर: अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने गरीब कुटुंबांच्या रोख मदतीला कामाची अट अन् बहुतेकांना ५ वर्षांची मर्यादा लावली. लाडकी बहीणच्या १५०० ला पण अशीच अट लावा म्हणतात ऑफिसातले लोक, तुम्हाला काय वाटते?

इतवारीची ताई: भाऊ, आमच्याकडे भांडी घासायला येते ती बाई सकाळी ६ ला घर सोडते, चार घरं करून लेकराला शाळेतून आणते, अजून कोणतं काम दाखवायचं तिनं? अन् सर्टिफिकेट काय मालकीण देणार?

वर्धारोड: आधी काम तर द्या ना. आपला रोजगार हमी कायदा १९७७ चा, मागितलं की काम नाहीतर भत्ता, पण तो मुख्यतः खेड्यांसाठी, नागपुरातल्या बाईने जायचं कुठं?

महालकर: अन् पाळणाघराचा खर्च वेगळाच, खरंय ताई.