मदत हवी आहे: बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात शाळेची सहल न्यायची आहे

नमस्कार मंडळी,

मी कुडाळजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दिवाळीनंतर आठवी-नववीची चाळीसेक मुलं घेऊन गोव्यातल्या नौदल विमान संग्रहालयाची एक दिवसाची सहल काढायचं आमचं चाललंय. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे ते. मुख्याध्यापक तयार आहेत, एसटीची प्रासंगिक कराराची गाडी मिळेल, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं हे माझं मी बघेन. मला मदत हवी आहे ती तिथे पोचल्यानंतरची.

आधी हेच ठिकाण का, ते सांगते. आमच्या लहानपणी मुंबईच्या सहलीत विक्रांत दाखवायचे. १९७१च्या युद्धात पूर्वेकडच्या समुद्रात लढलेली ती विमानवाहू नौका १९९७मध्ये निवृत्त झाली आणि पुढे बरीच वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२मध्ये ते बंद झालं आणि २०१४मध्ये जहाज भंगारात निघालं. विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेचंही गुजरातेत अलंगला, जिथे जहाजं तोडतात, तेच झालं. आज माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीने विचारलं, "बाई, ते जहाज कुठे बघायला मिळेल?" तर दाखवायला जहाज उरलेलं नाही. उरली आहेत ती त्याच्या डेकवरून उडालेल्या जातीची विमानं, आणि ती आमच्यापासून तीन तासांवर उभी आहेत. पणजीच्या पुढे आमच्या सहली फार तर मंगेशीपर्यंत जातात. गोव्यातच एवढं मोठं काही आहे हे मुलांच्या गावीही नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलांनी विमानापुढे उभं राहून फोटो काढावा आणि पुढे जावं, असं मला होऊ द्यायचं नाही. एका विमानापुढे दहा मिनिटं थांबून "हे असं का केलंय?" असं त्यांनी विचारावं, ही माझी इच्छा. माझ्या परीने थोडी तयारी केली आहे. उदाहरणार्थ सुपर कॉन्स्टेलेशन. चार पिस्टन इंजिनांचं हे मोठं विमान आधी एअर इंडियाकडे प्रवासी वाहतुकीला होतं, मग हवाई दलाकडे गेलं आणि १९७६मध्ये समुद्रावरची टेहळणी नौदलाकडे आली तेव्हा नौदलाकडे आलं. त्याच्या शेपटीला एकाच्या जागी तीन उभे पंख आहेत. एकच मोठा उभा पंख लावला असता तर विमान इतकं उंच झालं असतं की त्या काळच्या हँगरमध्ये शिरलंच नसतं. हा प्रश्न मी मुलांना तिथे विचारणार आहे आणि उत्तर लगेच सांगणार नाही.

दुसरं एचटी-२. हे छोटं प्रशिक्षण विमान १९५१मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याची रचना हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी केली. घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली, तेच प्रांट्ल ज्यांच्यापासून विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचं आजचं शास्त्र सुरू होतं. आमच्या मुलांना घाटग्यांचं नाव माहीत नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच शिक्षकांनाही माहीत नाही. त्या विमानापुढे मी सगळ्यात जास्त वेळ काढणार आहे.

पण सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर या विमानवाहू नौकांवरून उडणाऱ्या तीन विमानांबद्दल मला पुस्तकी माहितीच आहे. प्रत्यक्ष विमानात काय बघायचं, कुठे बोट दाखवायचं हे कळत नाही. कुणी ही विमानं जवळून बघितली असतील, किंवा त्यांच्यावर काम केलं असेल, तर कृपया सांगा.

बाकीच्या शंका: शाळेच्या गटासाठी आधी पत्र द्यावं लागतं का, आणि नौदलातलं कुणी मुलांशी बोलायला येऊ शकतं का? सोमवारी बंद असतं ते अजून तसंच आहे ना? विमानं उघड्यावर आहेत, तर उन्हात मुलांना किती वेळ उभं करावं? माझ्या वर्गातला एक मुलगा कुबड्या घेऊन चालतो. त्याला वगळून मी सहल काढणार नाही, त्यामुळे जिने किती, सपाट जागा किती हेही हवंय.

जरा सविस्तर लिहिलंत तर उपकार होतील.

— सायलीची_बाई

*

वास्कोकर

बाई, बेत फार चांगला आहे. मी इथेच राहतो, पाहुणे आले की त्यांना घेऊन जातो.

सोमवारी बंद, बाकी दिवशी दहा ते पाच असंच आजवर बघितलंय. तरी निघायच्या आधल्या दिवशी फोन करून खात्री करा, कारण जागा नौदलाची आहे, त्यांचा काही कार्यक्रम असला तर वेळ बदलू शकते. पत्र शाळेच्या लेटरहेडवर, मुलांची संख्या, बरोबरचे शिक्षक आणि तारीख लिहून द्या. माहिती सांगायला कुणी मिळावं अशी विनंती त्यातच करा. तिथे गेल्यावर ऐन वेळी विचारून काही होत नाही.

रस्ता: झाराप, बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पर्वरी, पणजी, मग झुआरीचा नवा पूल. पूर्वी जुन्या पुलावर तास-तास अडकायचो, आता तो त्रास गेला. कुठ्ठाळीला उजवीकडे वास्कोच्या रस्त्याला लागा. सकाळी साडेसहाला निघालात तर दार उघडताना पोचाल. आणि ते फार महत्त्वाचं आहे, कारण बाहेरची विमानं आधी बघायची. अकरानंतर धातू तापतो, मुलं सावली शोधायला लागतात आणि मग तुम्ही कितीही चांगलं सांगितलंत तरी कुणाचं लक्ष राहत नाही. ऊन चढलं की आत जा. आतलं दालन दुमजली आहे. विक्रांत आणि विराटच्या मोठ्या प्रतिकृती, बॉम्ब, टॉर्पेडो, पॅराशूट, समुद्रात पडल्यावर वैमानिक ज्यात बसतो तो रबरी तराफा असं बरंच काही आहे.

त्या मुलाबद्दल: बाहेरचा भाग जमिनीवरच आहे, तिथे तो तुमच्याबरोबर सगळीकडे फिरेल. प्रश्न वरच्या मजल्याचा. पत्रात त्याचा स्पष्ट उल्लेख करा. त्यांना आधी कळलं तर ते व्यवस्था करतील.

*

हूक_डाऊन

मी नौदलाच्या विमान तांत्रिक शाखेत होतो, हंसावर, म्हणजे दाबोळीच्या नौदल विमानतळावर, बरीच वर्षं काढली. बाईंचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

सी हॉक या जेट लढाऊ विमानापासून सुरू करा. मुलांना त्याच्या शेपटीमागे उभं करा आणि विचारा, जेटचा झोत कुठून बाहेर पडतो? सगळे शेपटीत भोक शोधतील. तिथे मिळणार नाही. मग पंख जिथे धडाला मिळतो तिथे मागच्या कडेला बघायला सांगा, दोन्ही बाजूंना एकेक तोंड दिसेल. इंजिन एकच, पण त्याचा झोत दोन फाट्यांत विभागून बाहेर काढलाय. त्यामुळे मागच्या धडात इंधनाची टाकी बसवायला जागा मिळाली. समुद्रावर इंधन म्हणजे जीव. खाली वाकून शेपटीखालचा हूकही बघायला सांगा. डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एक त्या हूकमध्ये अडकली तर विमान काही सेकंदांत थांबतं. नाही अडकली तर वैमानिकाने पूर्ण ताकद देऊन पुन्हा हवेत जायचं. म्हणून डेक तिरका केलेला असतो, पुढे उभ्या विमानांवर आदळायला नको.

मग पंखावरची घडीची सांध दाखवा. पत्र्यात एक सरळ रेघ जाते, तिच्या आत बिजागऱ्या आहेत. पंख वर घडी करूनच विमान लिफ्टमधून खाली हँगरमध्ये उतरायचं. विक्रांतवर जागेची इतकी टंचाई असायची की विमान कुठे लावायचं हेच रोजचं मोठं काम असे. ४ डिसेंबर १९७१ला याच सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला, चितगाववरही केला. तेव्हा विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता आणि जहाज पूर्ण वेगाने जाऊ शकत नव्हतं. याचा विमानांशी काय संबंध, हे मुलांना विचारा. जहाज जितकं जोरात वाऱ्याकडे तोंड करून धावतं तितका डेकवर समोरून वारा मिळतो, आणि तितकं उडणं सोपं होतं. वेग कमी म्हणजे कॅटापल्टवर (विमानाला डेकवरून पुढे फेकणारं यंत्र) आणि वैमानिकावर ताण जास्त. मुलांना सापेक्ष वेग समजवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही.

अलिझे बघताना हळू चला. ते पाणबुड्या शोधणारं, पंखा असलेलं टर्बोप्रॉप विमान, तिघे बसायचे. चाकं ज्या फुगीर भागात आत जातात त्याच्या पुढच्या भागात सोनोबॉय ठेवायचे. हे बॉय पाण्यात टाकायचे आणि पाणबुडीचा आवाज ऐकायचा. पोटाखालून रडारचा घुमट बाहेर निघायचा. १० डिसेंबर १९७१ला पश्चिमेकडे आपलं एक अलिझे पाकिस्तानच्या एफ-१०४ या वेगवान लढाऊ जेटने पाडलं, तिघेही परत आले नाहीत. कमी वेगाचं, हळू फिरणारं विमान घेऊन ही माणसं समुद्रावर जायची. मुलांना हे सांगाच. फक्त जिंकलेलं सांगितलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

सी हॅरियरवर मी स्वतः काम केलंय. १९८३च्या डिसेंबरात पहिली विमानं गोव्यात आली, ११ मे २०१६ला इथेच त्यांना निरोप दिला. त्याच्या कुशीला चार नोझल, म्हणजे झोत बाहेर सोडणारी वळती तोंडं, आहेत, प्रत्येक बाजूला दोन. पुढच्या दोनांतून थंड हवा येते, मागच्या दोनांतून इंजिनाचा तापलेला वायू. खरं वाटत नसेल तर मागच्या नोझलजवळचा धडाचा पत्रा नीट बघा, तिथे उष्णता झेलायला वेगळं धातूचं कवच लावलंय, पुढच्या नोझलजवळ नाही. हे चारही नोझल एकदम खाली वळतात आणि विमान सरळ खाली उतरतं. मुख्य चाकं धडाच्या मधोमध एका रेषेत आहेत, म्हणून तोल राहावा यासाठी पंखांच्या टोकांना छोटी चाकं आहेत. ही चाकं सहसा कुणाच्या नजरेत भरत नाहीत.

आणि एक कळकळीची विनंती. मुलांना विमानांवर चढू देऊ नका, पत्र्यावर नावं कोरू देऊ नका. समुद्राची खारी हवा तिथे बारा महिने आहे, आणि खारी हवा ॲल्युमिनियम खाते. रंगाचा एक टवका उडाला की तिथून सुरुवात होते. आम्ही ही विमानं प्रत्येक उड्डाणानंतर गोड्या पाण्याने धुवायचो.

*

मालवणी_मुलुख

हूक_डाऊन सर, वाचताना अंगावर काटा आला. मी तिथे मुलांना घेऊन गेलो होतो आणि यातलं काहीही न बघता परत आलो. आता परत जाणार.

बाई, अजून दोन गोष्टी बघा. कामोव्ह-२५ हेलिकॉप्टरला मागे शेपटीचा पंखा नाही. वर एकावर एक दोन पंखे आहेत, ते उलट दिशांनी फिरतात म्हणून हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरत नाही. शेजारच्या चेतकच्या शेपटीला पंखा आहे. दोन्ही एका पाठोपाठ दाखवलंत तर न्यूटनचा तिसरा नियम फळ्यावर लिहायची गरज नाही. आणि व्हँपायर. जेट असूनही त्याच्या पुढच्या धडात प्लायवूड आणि बाल्सा लाकूड वापरलंय.

*

सायलीची_बाई

सर्वांचे मनापासून आभार. हूक_डाऊन सर, तुमचा प्रतिसाद छापून घेतलाय, तुमची परवानगी असेल तर मुलांना तसाच वाचायला देईन. बॉयलरची आणि वाऱ्याची गोष्ट मी सहलीच्या आधीच वर्गात घेणार. मुलांचे पाच-पाचचे गट करते, प्रत्येक गटाला एक विमान. त्या गटाने ते विमान बाकीच्यांना समजावून सांगायचं. मी फक्त एचटी-२ सांगणार.

त्या मुलाला सी हॅरियरच्या गटात घेतलंय, म्हणजे त्याला सांगायचं ते बाहेरच, सपाटीवर सांगता येईल. वास्कोकर, पत्र उद्या टपालात टाकते. एकच राहिलं: चाळीस मुलांना डबा खायला कुठे बसवू? बोगमाळोच्या किनाऱ्यावर नेलं तर पाण्याची भीती वाटते.

*

वास्कोकर

किनाऱ्यावर नेऊच नका, तिथून मुलांना परत गाडीत बसवताना तुमचा तास जाईल. डबे गाडीतच ठेवा, आवारात कुठे बसता येईल ते पत्रात विचारा. नाही म्हणाले तर मला इथे संदेश टाका. जवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांशी माझी ओळख आहे, त्यांचं सभागृह तासाभरासाठी मागून बघतो. पिण्याचं पाणी मात्र कुडाळहूनच भरून आणा.

*

हूक_डाऊन

बाई, खुशाल छापा. तारीख ठरली की कळवा. तब्येत बरी असली तर मी सकाळी दहाला दारात येऊन उभा राहीन, सी हॅरियरच्या गटाला नोझल मी दाखवतो.