जावातला मवाळ इस्लाम: यजमान कोण, पाहुणा कोण?

पायपीट
पोटापाण्यासाठी तीन वर्षं इंडोनेशियात, जावा बेटावरच्या योग्यकार्तात आहे. गल्लीत कोणाचं बारसं असो की मयताचा चाळीसावा दिवस, संध्याकाळी घरटी एका पुरुषाला बोलावणं येतं. चटईवर मांडी घालून बसायचं. यजमान जावानी भाषेत कारण सांगतो, मोदिन, म्हणजे गावातला धार्मिक विधी सांगणारा, अरबीत दुआ म्हणतो, बाकीचे 'आमीन' म्हणतात. मधोमध भाताचा शंकू, त्याला तुम्पंग म्हणतात. तिथे दोन घास खायचे, उरलेलं डब्यात भरून घरी न्यायचं. या कार्याचं नाव स्लामेतन, डब्याचं बर्कात. सलामत आणि बरकत, दोन्ही आपल्या ओळखीचे.

आता मुद्दा. इंडोनेशियाच्या धर्म मंत्रालयाने २०१९पासून 'धार्मिक मवाळपणा' हे धोरणच केलंय, २०२३मध्ये त्यावर राष्ट्राध्यक्षांचा आदेशही निघाला. मवाळ कोण, हे ओळखायच्या चार खुणा: राष्ट्रनिष्ठा, सहिष्णुता, हिंसेला नकार आणि स्थानिक परंपरांचा स्वीकार. ऐकायला छान आहे. पण या चौथ्या खुणेत एक अट दडलीय. 'ही आमची संस्कृती आहे' म्हणा, सगळे टाळ्या वाजवतील. 'हाच आमचा धर्म आहे' म्हणा, की चेहरे बदलतात. सरकारमान्य धर्म सहाच. कजावेनसारख्या जुन्या जावानी गूढ श्रद्धा मानणाऱ्यांच्या ओळखपत्रावर धर्माचा रकाना कोरा राहायचा, आणि लग्नाच्या नोंदणीपासून नोकरीच्या अर्जापर्यंत तो कोरा रकाना नडायचा. तिथे 'श्रद्धा' असं लिहून मिळण्यासाठी ७ नोव्हेंबर २०१७चा घटना न्यायालयाचा निकाल लागला. घर ज्यांचं, त्यांनाच पाहुण्यासारखं वागवायचं आणि वर त्याला मवाळपणा म्हणायचं!

मधली_सुट्टी
साफ असहमत. तुम्ही नकळत मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झची १९६०ची फूटपट्टी घेऊन बसलात: हे नमाजी 'सान्त्री', ते नावापुरते मुसलमान 'अबांगान', आणि वर दरबारी 'प्रियायी'. स्लामेतन त्याने अबांगानांच्या खात्यावर टाकलं. पण तुमच्याच वर्णनात इस्लामबाहेरचं नेमकं काय आहे? दुआ अरबी, बर्कात अरबी, यजमान जे कारण सांगतो त्या 'उजुब'चं मूळही अरबी 'इजाब'. अभ्यासक मार्क वुडवर्डने १९८९मध्ये हेच मांडलं, की ज्याला तुम्ही स्थानिक म्हणता तो बराचसा सूफी इस्लामच आहे.

एकदा मध्य जावातल्या कुदुसला जा. सोळाव्या शतकातल्या मशिदीचा विटांचा मिनार लांबून देवळासारखा दिसतो. गावात गाय कापत नाहीत, सोतो नावाचा रस्सासुद्धा म्हशीच्या मांसाचा. तिथले संत सुनान कुदुस यांनी हिंदू शेजाऱ्यांचं मन राखायला तसं सांगितलं, असं तिथे मानतात. तेव्हा कुठलं मंत्रालय होतं?

सदाशिव_उवाच
थोडक्यात सगळं मूळचं आपलंच. त्यांच्या वायांगमधला, म्हणजे छायाबाहुल्यांच्या खेळातला, युधिष्ठिर आपला, भीम आपला. रमजानआधी थडगी साफ करून जेवू घालतात त्या 'न्याद्रान'मध्येही म्हणे श्राद्ध लपलंय. वरून नुसता रंग दिलाय.

मधली_सुट्टी
सदाशिवराव, रंग नाही हो, लाकूडच वेगळं झालंय. वायांगमध्ये सेमार नावाचा ढेरपोट्या नोकर असतो, आणि तोच खरा देव. आपल्या महाभारतात शोधून दाखवा. युधिष्ठिराकडे 'कालिमासादा' नावाचं तारक पत्र असतं. कथा अशी, की ते कोणाला वाचता येईना म्हणून त्याला मरणही येईना. शेवटी जावात इस्लाम रुजवणारे संत सुनान कालिजागा भेटले, त्यांनी वाचलं तर आत कलमा शहादा, इस्लामची मूळ ग्वाही! मग तो सुटला. याला अवशेष म्हणणार?

जावातल्या शकाचंही तसंच. १६३३मध्ये जावातल्या माताराम राज्याच्या सुलतान आगुंगने शके १५५५ हा आकडा तसाच पुढे चालू ठेवला, पण महिने हिजरीप्रमाणे चांद्र केले. आपल्यासारखा अधिकमास नाही, त्यामुळे त्यांचं वर्ष आता आपल्या शालिवाहन शकाच्या बाराएक वर्षं पुढे पळतंय. त्यात आपलं उरलं काय, तर आकडा.

नळावरची
तुम्हा सगळ्यांना स्लामेतन फार गोड दिसतंय, कारण खर्च दुसऱ्याचा. मयताचा तिसरा, सातवा, चाळीसावा, शंभरावा, मग वर्षश्राद्धं, मग हजारावा दिवस. गरिबाने कर्ज काढायचं? आमच्याकडे तेराव्यासाठी शेत गहाण पडलेलं पाहिलंय मी. १९१२मध्ये योग्यकार्तात मुहम्मदिया ही सुधारक संघटना काढणारे अहमद दहलान राजवाड्याच्या मशिदीतलेच खतीब होते, बाहेरून आलेले नव्हते. अंधश्रद्धा आणि बिदात, म्हणजे धर्मात मागून घुसवलेल्या रीती, सोडा म्हणाले, शाळा आणि दवाखाने काढले. परंपरेला नाही म्हटलं की माणूस लगेच कडवा ठरतो का? तसं असेल तर आपले सगळे सुधारक कडवेच.

पायपीट
नळावरच्या ताई, कर्जाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मला तो सुचलाच नव्हता.

पण 'करू नका' म्हणणं वेगळं आणि उधळून लावणं वेगळं. ऑक्टोबर २०१८मध्ये इथल्याच बांतुलच्या किनाऱ्यावर समुद्राला नैवेद्य द्यायच्या आदल्या रात्री टोळक्याने मांडवात मोडतोड केली. डिसेंबर २०२१मध्ये सेमेरू ज्वालामुखी फुटला, महिन्याभरात एकाने तिथला नैवेद्य लाथाडून व्हिडिओ टाकला. त्याला अटक झाली, हेही सांगतो. मुहम्मदियावर यातलं काही ढकलत नाही.

माझं बोट कायद्याकडे आहे. १९६५चा धर्मनिंदेचा आदेश निघाला त्यामागे अशा गूढपंथांना आवरणं हाही हेतू होता. तो पुढे दशकानुदशकं लागू राहिला. एका हाताने परंपरा स्वीकारा म्हणायचं, आणि तिने धर्म म्हणून तोंड उघडलं तर दुसऱ्या हातात हे.

मधली_सुट्टी
पण परंपरांच्या बाजूने उभं कोण राहिलं? नहदलातुल उलमा ही उलेमांची संघटनाच ना! २०१५च्या जोंबांग अधिवेशनात 'इस्लाम नुसांतारा', म्हणजे इथल्या बेटांचा इस्लाम, हा विषय त्यांनीच घेतला. थडग्यांवर जाणं, स्लामेतन, सगळ्याचं समर्थन तेच करतात.

पायपीट
करतात. आणि हा आदेश रद्द करा म्हणून न्यायालयात गेलेल्यांत गुस दूर होते, पंधरा वर्षं त्याच संघटनेचे अध्यक्ष राहिलेले, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. संघटना मात्र न्यायालयात आदेशाच्या बाजूने उभी राहिली. एप्रिल २०१०मध्ये निकाल लागला तेव्हा गुस दूर हयात नव्हते. आदेश टिकला.

मधली_सुट्टी
हं. याला उत्तर नाही माझ्याकडे. तरी स्लामेतन इस्लामबाहेरचं नाही, हे मी सोडणार नाही.

पायपीट
नका सोडू. माझे शेजारी आजोबाही तेच म्हणतील. गुरुवारी रात्री डोळे मिटून तासन्‌तास बसतात, नमाज क्वचितच. कार्डावर इस्लाम. आता बदलता येतं, बदलणार का विचारलं, तर म्हणाले, मग माझ्या हजाराव्या दिवसाला मोदिन येईल का, आणि गावच्या दफनभूमीत जागा मिळेल का, ते आधी विचारून ये.

सदाशिव_उवाच
ते राहू द्या. डबा शाकाहारी असतो का?

पायपीट
नाही हो. अख्खी कोंबडी असते, इंगकुंग म्हणतात. मी टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि भात खातो, कोंबडी आजोबांच्या नातवाला.